पाणी ओसरल्यावरचा हिशोब

(मंडळाच्या मे महिन्यातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला तो 'पूर, नोकरी आणि स्वतःचा धंदा'. हे तिन्ही आमच्या एकाच घरात नांदतात म्हणून आम्हाला उभे केले असावे. आम्ही सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या खात्यात लागलो. धाकटे बंधू मुजमहुड्याला मोटर रिवाइंडिंगचे दुकान चालवतात. चूल एकच. आणि विश्वामित्रीला आपण अजून पाहुणी म्हणत असलो तरी ती आता कुटुंबातलीच धरायला हवी, कारण यायच्या आधी ती विचारत नाही. भाषणाचा आम्हाला सराव नाही. आकडे तेवढे वहीतून उतरवून आणले आहेत.

ऑगस्ट २०२४चा पूर इथे बसलेल्या प्रत्येकाने पाहिला आहे, तेव्हा त्याचे वर्णन करत नाही. फक्त धंदा करणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात अशा दोन गोष्टी सांगतो. २६ ऑगस्टला, गोकुळाष्टमीच्या दिवशी, पावसाने शहराला झोडपले. ज्या कमी दाबाच्या क्षेत्राने हा पाऊस आणला तेच पुढे सौराष्ट्र-कच्छवरून सरकत गेले आणि ३० ऑगस्टला अरबी समुद्रात त्याचे 'आसना' चक्रीवादळ झाले. ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ होण्याची ही १९७६ नंतरची पहिलीच वेळ. इतर गावांत आधी वादळाचे नाव कळते आणि मग पाणी येते. आपल्याकडे पाणी येऊन गेले, घरे धुऊन झाली नव्हती, तोवर नाव ठेवले गेले. बारसे उशिरा झाले म्हणायचे.

दुसरी गोष्ट नदीची. काळाघोड्याच्या पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट आहे. त्या वेळी नदी ३५ फुटांच्या वर गेली. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते, आजवा आणि प्रतापपुऱ्याचे पाणी घेते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. ढाढर स्वतःच तुडुंब असली की विश्वामित्रीचे पाणी पुढे सरकत नाही, शहरात तुंबून राहते. म्हणून बडोद्यात पाऊस थांबला की धोका टळला असे होत नाही. आकाश उघडलेले असते आणि रस्त्यावरचे पाणी चढत असते. पाऊस आणि पूर यांच्यामध्ये जे काही तास मिळतात त्यांना आमच्या घरात 'उसने तास' म्हणतात. घर सांभाळणाऱ्याला ते पुरतात. गाद्या माळ्यावर जातात, धान्याचे डबे ओट्यावर जातात. दुकानदाराला ते पुरत नाहीत, कारण दुकान नदीच्या त्या बाजूला, घर ह्या बाजूला, आणि मधला रस्ता छातीभर पाण्यात. बंधूंनी ते दोन दिवस घराच्या गच्चीवर काढले. दुकानाची किल्ली खिशातच होती.

आम्ही त्या दिवसांत घरी नव्हतोच. रजा रद्द झाल्या होत्या. कुठला मोरीपूल खचला, कुठला रस्ता तुटला ह्याची खबर घेत आम्ही फिरत होतो. गुडघाभर पाण्यात काठी टेकत चालायचे, कारण खाली उघडे गटार आहे की मगर आहे हे वरून कळत नाही. परगावच्या पाहुण्यांना ही थट्टा वाटते. बडोदेकराला वाटत नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमचा पगार जमा झाला. एक रुपया कमी नाही. त्याच दिवशी बंधू दुकानातला गाळ घमेल्याने बाहेर काढत होते. आजचा सगळा विषय ह्या दोन वाक्यांत आला असे कुणी म्हणेल, आणि निकालही लागला असे म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही, म्हणून वही आणली आहे.

पाणी उतरल्यावर नुकसानीची पाहणी करायला जी पथके नेमली गेली, त्यातल्या एकात आमचीही नेमणूक झाली. सरकारने व्यापाऱ्यांसाठी मदत जाहीर केली ती तुम्हाला आठवत असेल. लारी-रेकडीला ५,००० रुपये, ४० चौरस फुटांपर्यंतच्या केबिनला २०,०००, त्याहून मोठ्या केबिनला ४०,०००, पक्क्या बांधकामाच्या लहान-मध्यम दुकानाला ८५,०००. ज्यांची मासिक उलाढाल ५ लाखांवर आहे त्यांना रोख मदत नाही. त्यांना २० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन वर्षे व्याजात सवलत. उलाढाल ठरवायची ती जीएसटीच्या विवरणपत्रावरून.

ही यादी हातात घेऊन आम्ही दारोदार फिरलो. माणसाचे काय गेले हे डोळ्यांना दिसत होते. कागदावर काय बसते हे वेगळे. एका बाईंनी आपल्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत घरघंटी आणि चकलीभाजणीचा कच्चा माल ठेवला होता. दिवाळीच्या ऑर्डरींसाठी ऑगस्टातच भरलेला. सगळा माल फुगून वास मारत होता. ती खोली केबिन नव्हे, दुकान नव्हे, लारी तर नव्हेच. घर म्हणून जे मिळते ते त्यांना मिळाले. भाजणी कुठल्या रकान्यात लिहायची हे आमच्या पथकाला शेवटपर्यंत सापडले नाही. आपल्या समाजात अशा भगिनी पुष्कळ आहेत. फराळ करणाऱ्या, साड्यांना फॉल-बिडिंग करणाऱ्या, शाडूचे गणपती करणाऱ्या. मूर्तिकारांची तर त्या वर्षी वेळ फारच वाईट होती. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी, आणि त्याआधी दहा दिवस हे पाणी. ज्यांच्या कारखान्यात ते शिरले त्यांच्या मूर्ती स्थापनेआधीच विरघळल्या. वर्षभराची कमाई एका खोलीत, जमिनीवर मांडलेली.

आता बंधूंच्या दुकानाचे. हे थोडे सविस्तर सांगतो, कारण आकडे इथले आहेत.

गाळा तळमजल्यावर. आत पाणी पाच फूट दोन इंच चढले. ती रेघ आम्ही भिंतीवर तेलरंगाने ओढून ठेवली आहे, २०१९ची रेघ तिच्या खाली आहे. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला होता, तेव्हाची ती. २०२४ला कॉइल वाइंडिंगचे मशिन गेले, टेस्टिंगचे पॅनल गेले, इन्सुलेशनचा कागद आणि स्लीव्ह लगदा झाले, दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकांच्या अकरा मोटरी गाळाने भरल्या. तांब्याची तार मात्र वाचली. रिळे स्वच्छ पाण्याने धुऊन, सुकवून बरीचशी कामाला आली.

आणि गंमत अशी, की पूर ओसरला की मोटर रिवाइंडिंगवाल्याचे सुगीचे दिवस येतात. प्रत्येक सोसायटीचा पाण्याचा पंप बुडालेला, वॉशिंग मशिन बुडालेली, कारखान्यांच्या मोटरी बुडालेल्या. गल्लीत रांग लागावी एवढे काम. पण बंधूंचे मशिन बंद, पॅनल बंद, दुकानात वीज नाही. पहिले बारा दिवस ते काम बाहेरगावच्या कारागिरांनी नेले. पुरानंतरची कमाई ज्याची हत्यारे कोरडी त्याची. बंधूंनी हे वाक्य त्या महिन्यात इतक्यांदा म्हटले की आमच्या आईलाही पाठ झाले.

इथे एक कामाची सूचना सांगून टाकतो, विषय निघालाच आहे तर. भिजलेली मोटर कोरडी दिसते म्हणून बटण दाबू नका. पुरात जेवढ्या मोटरी जळतात त्यांपैकी पुष्कळ पाण्याने जळत नाहीत, आपल्या उतावळेपणाने जळतात. आधी उघडून गाळ गोड्या पाण्याने धुवावा, बेअरिंग बदलावे, भट्टीत नीट वाळवावी, मेगर लावून इन्सुलेशन बघावे, मगच जोडावी. हाच नियम बुडालेल्या गाडीला. चावी फिरवली की पाणी इंजिनात खेचले जाते, आणि साध्या विम्यात ते नुकसान बहुधा बसत नाही. गाडी ओढून न्यावी.

आता वही. दुकान २०१४ साली सुरू झाले. २०१९चे नुकसान १ लाख १० हजार. २०२४चे ३ लाख ६० हजार. बेरीज ४ लाख ७० हजार. सरकारी मदत ८५ हजार आली, ती वजा करू. उरले ३ लाख ८५ हजार. दहा वर्षांनी भागले तर वर्षाला ३८,५००, महिन्याला ३,२०० च्या आसपास.

हा आकडा काढला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि आम्ही दोघे भाऊ जरा वेळ गप्प बसलो. कारण गाळ्याचे भाडे आहे ९,०००. बंधू दहा वर्षे सगळ्यांना सांगत आले की एवढ्या स्वस्तात एवढा गाळा कुठे मिळणार. तेवढाच गाळा वरच्या अंगाला, जिथे पाणी चढत नाही, तिथे १३,००० ला होता. म्हणजे स्वस्त गाळा खरे तर १२,२०० ला पडत होता. त्यात बारा-बारा दिवस दुकान बंद राहिले, गिऱ्हाइके तुटली, बंधूंची पाठ धरली, ते धरलेलेच नाही. ४,००० वाचताहेत असे वाटत होते, आणि त्यातले ३,२०० नदी नेत होती. फक्त ती दरमहा नेत नव्हती, पाच वर्षांचे एकदम नेत होती.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे, की ह्या शहरात पूर हा अपघात म्हणून धरू नये, खर्च म्हणून धरावा. भाडे, वीज, पगार, आणि त्याखाली एक ओळ पाण्याची. ती ओळ लिहूनही धंदा उरत असेल तर धंदा खुशाल करावा. ती ओळ लिहिल्यावर उरत नसेल, तर तो धंदा आजवर नदीच्या मेहेरबानीवर चालला होता असे समजावे.

आता नोकरीची बाजू. ती मांडायला आम्ही पक्षपाती आहोत, तरी मांडतो.

आपण बहुतेकजण इथे आलो ते चाकरीनेच. कुणाचे पणजोबा गायकवाडांच्या फौजेत, कुणाचे फडावर कारकून, कुणाचे शाळाखात्यात. पहिल्या तारखेचा पगार ही आपल्या घरांची कुळदेवताच आहे म्हणा ना. पण ज्या महाराजांच्या चाकरीचा आपण अभिमान सांगतो, त्या सयाजीरावांनीच १८९०मध्ये कलाभवन काढले, ते हातात हुन्नर असलेली माणसे तयार व्हावीत म्हणून. १९०८ला बँक ऑफ बडोदा निघाली, ती व्यापार-उद्योगाला भांडवल मिळावे म्हणून. चाकरी देणारा राजा प्रजेने धंदाही करावा अशी खटपट करत होता, आणि आपण मराठी मंडळी त्यातली चाकरी तेवढी उचलून घरी घेऊन आलो. दादासाहेब फाळके ह्याच कलाभवनाचे विद्यार्थी. त्यांनी पुढे पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडली, छापखाना काढला, आणि १९१३ला 'राजा हरिश्चंद्र'. त्यांच्या संसाराला ते किती महाग पडले हेही विसरू नये. नोकरी सोडा असा उपदेश करायला त्यांचे नाव घेणारे हा भाग गाळतात.

आणि नोकरी म्हणजे आजोबांच्या वेळची नोकरी नव्हे. आम्ही लागलो तेव्हा पहिली पाच वर्षे फिक्स पगार होता. महागाई भत्ता नाही, वाढ नाही. त्या पाच वर्षांत बंधू दुसऱ्याच्या दुकानात नगावर मजुरी करत होते, आणि आमचे घर खऱ्या अर्थाने त्यांच्या मजुरीवर चालले. सरकारी नोकर मोठा भाऊ आणि कारागीर धाकटा. लग्नाच्या बाजारात आमचा भाव जास्त होता, वाण्याची उधारी मात्र ते फेडत. २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शनही नाही. आमचाही आकडा पुढे बाजार ठरवणार आहे. तेव्हा 'पक्की नोकरी' ह्या शब्दातला पक्केपणाही एकदा मेगर लावून बघायला हवा.

तरीही नोकरीत एक गोष्ट आहे जी वहीत दिसत नाही. २०१४ला बंधूंना दुकानासाठी कर्ज हवे होते. त्यांचा हात किती चांगला आहे हे अर्ध्या मुजमहुड्याला ठाऊक होते, पण बँकेला आमची पगाराची पावती लागली. जामीनदार म्हणून आमची सही झाली. म्हणजे त्या दुकानाचे पहिले भांडवल हे आमचे वेळेवर ऑफिसात जाणे होते. आणि पुरानंतरचे तीन महिने दोन्ही मुलांच्या फिया, आईची औषधे, कर्जाचा हप्ता ह्या पगारातून गेले, तेव्हा बंधूंना घाईघाईने सावकाराकडे जावे लागले नाही. आम्ही पाहणीत बघितले, खरे बुडाले ते पाण्याने नाही. पाण्यानंतर महिन्याला चार-पाच टक्क्यांनी पैसे उचलले, त्यात बुडाले.

हे सगळे आज बोलायचे कारण घरातला प्रश्न. आमचा थोरला मुलगा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा होऊन बसला आहे. वय वीस. तो म्हणतो, "बाबा, मला काकाबरोबर दुकानात बसायचंय." आई म्हणते, "लक्ष्मी दर महिन्याला येते ती घरची, मधूनच येते ती पाहुणी. घरचीला का घालवता?" आम्हाला वाटले होते बंधूंना आनंद होईल. तर सगळ्यांत आधी 'नको' म्हणाले तेच. "दादा, गाळ मी काढला तेवढा पुरे. पोराच्या हाती घमेले नको देऊस." दहा वर्षे ज्याने हौसेने धंदा केला त्याचे हे शब्द. उलट आम्ही, सरकारी नोकर, मुलाच्या बाजूने. ह्यावर घरात दोन महिने बोलणे चालले, कधी कधी आवाज चढले, एकदा जेवणे तशीच राहिली. शेवटी मुलानेच ती वही मागून घेतली आणि पाण्याची ओळ नव्याने लिहून दाखवली.

त्याने लिहिले ते असे. गाळा सोडायचा नाही, कारण गिऱ्हाईक तिथे येते. पण त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरची खोली ४,००० ला घ्यायची. वाइंडिंग मशिन, पॅनल, तार, कागद सगळे वर. खाली फक्त काउंटर आणि जड मोटरी. विम्याचे कागदही त्यानेच आणले. आजवर विमा होता तो कर्ज काढून घेतलेल्या मशिनवर बँकेने उतरवलेला, आणि कर्ज फिटल्यावर तोही संपलेला. लहान धंद्यांसाठी २०२१पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आहे, तिच्यात पूर धरलेला आहे. पण माल असेल तेवढ्याचाच विमा उतरवावा. १० लाखांचा माल असताना हप्ता वाचवायला ५ लाख लिहिले, तर नुकसानीच्या वेळी भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. आणि खरेदीची पक्की बिले हवीत. तांब्याची तार रोखीत, बिलाशिवाय घेतली की दोन पैसे स्वस्त पडते. पुरात ती तार कधी अस्तित्वातच नव्हती असे होते.

घरातून धंदा करणाऱ्या भगिनींनी हे जास्त लक्ष देऊन ऐकावे. घराच्या विम्यात घरातल्या वस्तू येतात, विकायचा माल येत नाही. उद्यम नोंदणी आधारवर होते आणि फुकट होते. ती झाली की निदान तुम्ही धंदा करता असे म्हणणारा एक कागद हाती राहतो. भाजणीला रकाना मिळायची सुरुवात तिथून होते. बिलांचे आणि मालाचे फोटो महिन्यातून एकदा काढून परगावच्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवावेत. आमच्या पुण्याच्या आत्याला दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोटरींचे फोटो जातात. तिने सुरुवातीला विचारले, हे काय पाठवता? आता तीच आठवण करते.

२०२५च्या उन्हाळ्यात विश्वामित्रीचे पात्र रुंद आणि खोल करण्याचे मोठे काम चालू होते, ते आपण जाता-येता पाहिलेच. त्याने किती फरक पडेल हे पाऊस सांगेल. सरकारी नोकराने ह्याहून जास्त बोलू नये. मुलाने मात्र आपल्या वहीत त्या कामाचा फायदा शून्य धरला आहे. पाणी कमी आले तर तो नफा, असे तो म्हणतो. हिशोब असाच करावा, आम्हाला पटले.

तर ठरले ते असे. दोन वर्षे तो काकाच्या हाताखाली बसणार, पगारावर, पहिल्या तारखेला मिळणाऱ्या. ही अट आईची. सरकारी भरतीचा फॉर्म निघाला की तोही भरणार, वय हातात आहे. वरची खोली आम्ही एप्रिलपासून घेतली. मशिन वर चढवताना जिन्याचा कठडा तुटला, त्याचे १,८०० रुपयेही मुलाने पाण्याच्या ओळीत लिहिले आहेत.

बंधू आज मागच्या रांगेत बसले आहेत. बोलायला या म्हटले तर आले नाहीत, पण वही आणि मेगर दोन्ही पिशवीत आहेत. चहाच्या वेळी ज्यांना आपल्या दुकानाची किंवा घरातल्या धंद्याची पाण्याची ओळ काढून बघायची असेल, त्यांनी भाड्याचा आकडा आणि गेल्या दोन पुरांतला नुकसानीचा आकडा सांगावा, तो मुलगा तिथल्या तिथे मांडून देईल. गेल्या पुरातला पंप अजून तसाच पडून असेल तर तोही घेऊन या, पावसाळ्याला महिना आहे.